उंबरखिंडीवर गेम बनवतोय: खेळणारा हरतो, पण का हरला ते त्याला कळत नाही

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून गेली अडीच वर्षं एक टर्न-बेस्ड (आळीपाळीने खेळी करायचा) स्ट्रॅटेजी गेम बनवतोय. कोड, चित्रं, लेव्हल सगळं एकट्यानेच, गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर. आता एका ठिकाणी पुरता अडकलोय. इथे खेळणारेही आहेत आणि बनवणारेही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विषय उंबरखिंडीची लढाई, फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता. त्याने आपला सरदार कारतलबखान याला कोकणात उतरायला पाठवलं, सोबत रायबागन ही मोगलांकडची सरदार स्त्री. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने फौज खाली उतरली आणि खिंडीत शिरली. महाराजांनी दोन्ही तोंडं बंद केली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, घशाला कोरड पडलेली. शेवटी खान शरण आला आणि सामानसुमान व खंडणी देऊन जीव वाचवून परत गेला.

मी हीच लढाई धरली, कारण इथे शत्रूची शेवटची तुकडी कापून जिंकायचं नाहीये. त्याचा धीर सुटेपर्यंत त्याला कोंडून ठेवायचं. तो संख्येने कितीतरी मोठा, समोरासमोर गाठ पडली की तुम्ही संपलात. बहुतेक स्ट्रॅटेजी गेममध्ये आपण फौज वाढवत नेतो. इथे फौज वाढतच नाही, आहे तीच जपायची.

पट षटकोनी घरांचा, ९ बाय १३. तुमच्या ८ टोळ्या, खानाच्या १४ तुकड्या एकामागे एक चाललेल्या. खानाचा 'धीर' १०० पासून सुरू होतो. वाट अडली की थोडा उतरतो, पाण्याच्या घरापर्यंत पोचता आलं नाही की दर खेळीला उतरतो, रसदेचे बैल लुटले की एकदम कोसळतो. शून्यावर आला की खान बोलणी लावतो.

आधी कागदावर खेळून पाहिलं होतं. चार्टपेपरवर घरं आखली, खानाचे चिंचोके, आपले काबुली चणे. बहीण खान झाली. सलग तीन रविवार खेळलो, जेवायला उठवत नव्हतं. तोच खेळ कॉम्प्युटरवर आणला आणि सगळी मजा गेली.

मामांना खेळायला बसवलं. मामा बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळलेले, पाच चाली पुढचं बघणारा माणूस. चौथ्या खेळीला खानाची फौज खिंडीच्या तोंडाशी थांबली, वळली आणि आल्या वाटेने घाट चढून निघून गेली. स्क्रीनवर 'पराभव'. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला विचारलं, "मी काय केलं?"

मला उत्तर माहीत होतं. दुसऱ्या खेळीला त्यांनी एक टोळी उघड्या सड्यावरून (कातळाच्या मोकळ्या पठारावरून) नेली, ती आघाडीच्या स्वारांना दिसली, कोडमधला 'संशय' नावाचा आकडा वाढला आणि चौथ्या खेळीला त्याने मर्यादा ओलांडली. पण हे मला माहीत, कारण मी लिहिलंय. मामांना कुठून कळणार? आतापर्यंत अकरा जण खेळले, त्यातल्या नऊ जणांनी या ना त्या शब्दांत हाच प्रश्न विचारलाय.

आता सांगा, सगळं उघड करून दाखवलं तर गनिमी काव्यातला कावा उरेल का?

सोंगटी

विषय फार आवडला. मनापासून शुभेच्छा.

माझं मत सरळ आहे: दाखवा. 'इन्टू द ब्रीच' खेळला नसेल तर सगळं सोडून आधी तो खेळा. सबसेट गेम्सचा, २०१८ चा. या मंडळींनी त्याआधी २०१२ मध्ये 'एफटीएल' केला होता. पट फक्त ८ बाय ८, बुद्धिबळाएवढा. तुमची खेळी येण्याआधीच प्रत्येक शत्रू या वेळी कुठल्या घरावर हल्ला करणार ते पटावर दिसतं. मग तुम्ही त्याला एक घर ढकलता आणि त्याचा वार त्याच्याच सोबत्याला बसतो. इतकं उघड असूनही गेम सोपा नाही. मी शेकडो वेळा हरलोय आणि प्रत्येक वेळी कुठल्या खेळीला चुकलो ते बोट ठेवून सांगू शकतो. म्हणूनच लगेच पुन्हा सुरू करावासा वाटतो.

तुमच्या मामांना त्यांचं चुकलेलं घर दाखवता आलं पाहिजे, एवढंच.

जुना खेळगडी

सोंगटी, 'इन्टू द ब्रीच' उत्तम आहे यात वाद नाही. पण तो मला लढाईपेक्षा कोड्याच्या जवळचा वाटतो. बरोबर उत्तर कुठेतरी असतं आणि ते शोधायचं. सेनापतीला असं उत्तर नसतं, त्याला अंदाज बांधावा लागतो.

मी वीस वर्षं 'बॅटल फॉर वेसनॉथ' खेळतोय. २००३ पासूनचा मुक्तस्रोत गेम, फुकट. त्यात एल्फ जंगलात उभा असला की त्याला वार लागायची शक्यता ३०-४० टक्क्यांवर येते. दिवसरात्रीचं चक्र आहे, काही फौजांचा जोर दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो, काहींचा रात्री. हे सगळं दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असतं. पण वार लागेल की नाही, ते मात्र नाही. मग तुम्ही दोन टोळ्या राखीव ठेवता, माघारीची वाट मोकळी ठेवता. माझ्या मते स्ट्रॅटेजी इथे सुरू होते, वाईट घडेल हे धरून आखणी करण्यात.

घाटवाट, सगळंच दाखवलंत तर राखीव टोळी ठेवायचं कारणच उरणार नाही.

घाटवाट

दोघांचंही पटतंय, तीच पंचाईत आहे.

पण नशीब दोन प्रकारचं असतं असं मला वाटतं. एक, खेळीच्या आधी येणारं: आज धुकं आहे, आज खानाने आघाडी लांब पाठवली, आता यातून वाट काढ. दुसरं, खेळीनंतर येणारं: बरोबर खेळलास पण फासा उलटा पडला. पहिल्या प्रकाराबद्दल माझ्याकडे कोणी तक्रार केली नाही. राखीव टोळी ठेवायला ते पहिलं नशीबही पुरतं की.

आणि टक्केवारी दाखवली तरी माणूस ती टक्केवारी म्हणून वाचत नाही. ९० टक्के म्हटलं की तो 'लागणारच' असं वाचतो. 'फायर एम्ब्लेम' मालिकेत २००२ च्या भागापासून वार लागला का ते ठरवायला नशिबाच्या एका आकड्याऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरायला लागले. त्यामुळे स्क्रीनवर ९० दिसतं तेव्हा खरी शक्यता ९८ च्या आसपास असते. त्यांनी आकडा माणसाच्या मनाशी जुळवून घेतला. मला हे मोठ्या मनाचं वाटतं, पण मी करणार नाही. माझ्या गेममधला आकडा खरा असावा, असं मला आतून वाटतं.

नदीकाठ

मी बंगळूरला एका स्टुडिओत गेम डिझाइनर आहे, दिवसभर हेच करते. एक विचारू? कागदावर खेळताना बहिणीपासून टोळ्या कशा लपवल्या होत्यात? पट तर एकच होता ना?

घाटवाट

लपवल्याच नव्हत्या. चणे तिच्या डोळ्यांसमोरच होते. नियम असा होता की उघड्यावर चार घरांच्या आत आणि झाडीत दोन घरांच्या आत चणा आला तरच तिने तो 'दिसला' असं धरायचं. तोवर तिने काही माहीत नसल्यासारखं चालायचं. ती बोट ठेवून मोठ्याने मोजायची, "एक, दोन, तीन... नाही दिसला." आणि तेवढा वेळ मी श्वास रोखून बसायचो.

नदीकाठ

तुमचं उत्तर याच परिच्छेदात आहे, घाटवाट.

कागदावर खान मोठ्याने मोजत होता. कॉम्प्युटरवर तो मनातल्या मनात मोजतोय. मजा त्या मोजण्यात होती. तुमच्या गेममध्ये ज्याला काही दिसत नाही तो खान आहे, खेळणारा नाही. म्हणून धुकं खानाला द्या. खेळणाऱ्याला पूर्ण पट द्या आणि वर खानाच्या डोळ्यांनी दिसणारा पटही द्या. एक बटण दाबून धरलं की खानाला दिसणारी घरं उजळली पाहिजेत आणि बाकी सगळं काळं. टोळी उचलून एखाद्या घरावर नुसती धरली तरी, 'इथे ठेवलीस तर अमुक स्वाराला दिसशील' हे हात सोडायच्या आधी दिसलं पाहिजे.

क्ले एंटरटेनमेंटचा 'इनव्हिजिबल इंक.', २०१५ चा, बघा. टर्न-बेस्ड आहे आणि सगळा खेळ लपण्याचा. कुठल्या घरावर पहारेकऱ्याची नजर आहे ते पटावर रंगवलेलं असतं. थरार मुळीच कमी होत नाही, उलट वाढतो, कारण दोन रंगलेल्या घरांमधून जाणारी एक अरुंद वाट तुम्हाला दिसत असते.

जुना खेळगडी, तुमचा आक्षेपही इथे सुटतो असं मला वाटतं. खान काय *बघतो* ते दाखवायचं. बघितल्यावर काय *ठरवेल* ते नाही दाखवायचं. दिसल्यावर तो थांबेल, की आघाडीचे स्वार झाडीत घुसवेल, की परत फिरेल, हा अंदाज खेळणाऱ्याने बांधायचा. राखीव टोळी त्यासाठी.

जुना खेळगडी

हे पटलं. नजर उघड, निर्णय झाकलेला. असा गेम मी खेळेन.

चावणीची वाट

मी खोपोलीचा. उंबरखिंडीत लहानपणापासून जातोय, स्मारकापाशी अंबा नदीच्या पात्रात उतरून बसायची आमची जागा आहे. तुमच्या पटाबद्दल थोडं.

लढाई फेब्रुवारीतली हे विसरू नका. पावसाळ्यातल्या हिरव्यागार फोटोंवरून चित्रं काढलीत तर सगळंच चुकेल. फेब्रुवारीत पानगळ झालेली असते. झाडी दाट असली तरी पानं जमिनीवर असतात, म्हणजे लपायला कमी आणि आवाज करायला जास्त. सागाचं वाळलेलं पान पायाखाली आलं तर पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि खिंडीत तो घुमतो. सकाळी लवकर गेलात तर पानं दवाने ओली असतात, तेव्हा आवाज होत नाही. ऊन चढलं की तीच वाट बोलायला लागते.

नदीला धार बारीक असते, पण डोहांमधून पाणी राहतं. म्हणजे पाण्याची घरं पट्ट्यासारखी सलग नकोत, तुटक हवीत. खानाचा एखादा स्वार डोहापर्यंत पोचू शकेल, सगळी फौज नाही.

घाटवाट

चावणीची वाट, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून भिंतीवर लावलीय. खरंच.

माझं जंगल आतापर्यंत हिरवंच होतं. आणि आवाजाचा विचार केलाच नव्हता. सकाळच्या तीन खेळ्या पानं ओली, आवाज शून्य. चौथ्या खेळीपासून पानगळीच्या घरात शिरलं की एका घराच्या वर्तुळात ऐकू जाणार. हे सगळं आधीच माहीत असलेलं घड्याळ आहे, वेसनॉथच्या दिवसरात्रीसारखं. म्हणजे पहिल्या तीन खेळ्यांत कुठे पोचायचं हाच मोठा प्रश्न बनतो. महाराजांची माणसं फौज येण्याआधीच दबा धरून बसलेली असणार ते यासाठीच.

रसदवाला

युनिटी ऑफ कमांड (२०११) खेळलेला कोणी आहे का इथे? क्रोएशियातल्या छोट्या चमूने केलाय. दुसऱ्या महायुद्धातली पूर्व आघाडी, पण गेमचा जीव आहे तो रसदेत. एक कळ दाबली की कुठल्या घरापर्यंत रसद पोचते ते पटावर दिसतं. शत्रूला मारण्याआधी त्याच्या पाठीमागचा रस्ता कापायचा. रसद तुटली की पहिल्या खेळीला फारसं काही होत नाही, पुढे तुकडी मवाळ होत जाते. हे सगळं नकाशावर दिसतं, म्हणून आकड्यांचा कंटाळा येत नाही.

तुमचा 'धीर' एका कोपऱ्यात आकडा म्हणून बसला असेल तर तो पटावर आणा. खानाची रांग १४ तुकड्यांची आहे ना? मग धीर शेपटाकडून डोक्याकडे सुटू दे. बैल लुटले की शेवटच्या तुकडीचं निशाण खाली आलं, पुढच्या खेळीला त्याच्या पुढच्याचं. खेळणाऱ्याला घबराट रांगेतून सरकताना दिसली पाहिजे.

कोडकर

थोडं तांत्रिक. नजर दाखवायला लागलात की 'लाइन ऑफ साइट' चा (कुठल्या घरातून कुठलं घर दिसतं ते ठरवणाऱ्या रेषेचा) एक जुना दोष वर येईल, आत्ताच सांगून ठेवतो. षटकोनी पटावर काही घरांमधली सरळ रेषा नेमकी दोन घरांच्या कडेवरून जाते. राउंडिंग कुठल्या बाजूला झुकतं त्यावर एक दुसऱ्याला दिसतो पण दुसरा पहिल्याला दिसत नाही. खेळणाऱ्याला हे लगेच कळतं आणि त्याचा विश्वास उडतो. उपाय असा: रेषा अगदी किंचित डावीकडे सरकवून एकदा मोजा, उजवीकडे सरकवून एकदा मोजा. दोन्हींतली एक जरी मोकळी असली तरी दिसतं असं धरा.

घरांसाठी तीन अक्षांची पद्धत वापरत असालच (तिन्हींची बेरीज शून्य, अंतर म्हणजे तिन्ही फरकांतला मोठा). नसाल तर आजच बदला. रेड ब्लॉब गेम्स या वेबसाइटवर अमित पटेल यांनी हे हलत्या चित्रांसकट इतकं सुंदर समजावलंय की मी आजही उघडून बसतो.

आणि गोडो ४ वरच राहा. गोडो ३ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत, 'कि' ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. ४ मध्ये मजकुराची यंत्रणा नव्याने लिहिली, आता 'क्ष' पासून 'र्‍हास' पर्यंत सगळं व्यवस्थित उमटतं. मराठीत गेम करणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नाही.

लोकलवाली

मी बनवत नाही, फक्त खेळते. कल्याण ते दादर रोज मोबाइलवर पॉलिटोपिया हा स्ट्रॅटेजी गेम. त्याचा ३० खेळ्यांचा प्रकार आहे, डाव कुठे संपणार ते आधीच माहीत असतं, म्हणून गाडीत सुरू करायला धीर होतो.

एकच मागणी. गर्दीत धक्का लागून बोट चुकीच्या घरावर पडतं. हललेली टोळी परत घ्यायची सोय ठेवा, निदान ती खानाला दिसेपर्यंत तरी. सोंगटींनी सांगितलेल्या गेममध्ये प्रत्येक लढाईत एकदा पूर्ण खेळी मागे घेता येते. ते एकदाच मिळतं, म्हणून ते वापरायचं की नाही यावरही विचार करावा लागतो.

पाटीवरचा हिशेब

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी दोन छोटे गेम विकायला काढलेत.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, विक्री १००० डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. विक्रीतले ३० टक्के त्यांचे. इच-आयओ या दुसऱ्या दुकानात किती वाटा द्यायचा ते आपण ठरवतो, काही न बदलल्यास १० टक्के. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. पॅन देऊन डब्ल्यू-८बेन (परदेशी माणसाने भरायचा अमेरिकी कराचा) फॉर्म नीट भरला तर भारत-अमेरिका कर करारामुळे ३० ऐवजी १५ टक्के. मी पहिल्या खेपेला हा फॉर्म घाईत भरला आणि नंतर निस्तरत बसलो. सीएकडे जा, तेवढी फी वसूल होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो. 'मी काय केलं?' हा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांत पडला तर माणूस दुसरा डाव मांडत नाही, पैसे परत मागतो. म्हणून पहिली लेव्हल उंबरखिंड नको. एक खान, तीन स्वार, दोन टोळ्या आणि एक सडा, एवढंच. त्या सड्यावर खेळणारा एकदा दिसू दे, एकदा हरू दे, आणि कुठे दिसला ते दाखवा.

घाटवाट

सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला आलोय. सात आठवडे झाले.

नदीकाठ यांनी सांगितलेली 'खानाची नजर' आधी केली. स्पेसबार दाबून धरला की पट काळोखात जातो आणि खानाला दिसणारी घरं फिकट पिवळी उरतात. कोडकरांनी सांगितलेला कडेचा दोष लगेच सापडला, दोन्हीकडून मोजून मिटवला. टोळी उचलली की ज्या तुकडीला ती दिसेल तिच्यापासून एक बारीक रेघ येते आणि त्या रेघेवर घरं मोजली जातात: १, २, ३. बहिणीचं बोट आहे ते. आवाजही तिचाच घ्यायचा विचार होता, पण आकडेच पुरतात असं तिचं म्हणणं पडलं.

जंगल करडं-तपकिरी केलं. सकाळच्या खेळ्यांत पानांवर थोडी चमक आहे, ती गेली की पानं वाजणार हे समजतं. निशाणं शेपटाकडून खाली यायला लागली, कोपऱ्यातला आकडा काढून टाकला. 'संशय' मात्र झाकलेलाच ठेवलाय. टोळी दिसल्यावर खान काय करेल ते तीन स्वभावांपैकी एकावर ठरतं, आणि तो स्वभाव पहिल्या दोन खेळ्यांत आघाडी कशी चालते त्यावरून ओळखता येतो. सावध खान स्वार पुढे पाठवतो, घाईतला पाठवत नाही.

खेळी मागे घेण्याबद्दल: लोकलवाली यांचाच नियम ठेवला. दिसेपर्यंत परत घ्या, दिसलात की नाही.

सगळं सुटलेलं नाही. खानाची नजर सतत दाबून ठेवूनच खेळणारे दोघे निघाले, त्यांच्यासाठी पट नेहमीच काळा आणि सगळा डाव अंधारात. ते मला खटकतंय. नजर दाखवायला एखादी टोळी 'टेहळणी' साठी खर्ची पडावी का, यावर आता विचार चालू आहे. जुना खेळगडी, तुमचं मत हवंय.

मामा परवा आले होते. काही न सांगता समोर ठेवला. तिसऱ्या खेळीला त्यांनी टोळी उचलली, सड्यावर नेली, रेघ आली, १, २, ३, ४. ती तशीच धरून ते बराच वेळ बसले. मग परत झाडीत ठेवली. डाव हरलेच, कारण नवव्या खेळीला डोहाकडची वाट मोकळी सोडली आणि चार तुकड्यांना पाणी मिळालं. 'पराभव' आल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी डोहावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे एक टोळी हवी होती. थांब, परत लाव."

जुना खेळगडी

टेहळणीला टोळी खर्ची पडलीच पाहिजे. आठांतली एक झाडावर बसली तर खाली सातच उरतात, आणि डोह कोणी धरायचा हा प्रश्न पहिल्या खेळीपासून सुरू होतो. चाचणीसाठी माणसं हवी असतील तर मला कळवा, माझ्याकडे रविवार मोकळे आहेत.